कोरोमंडलची फुले, युरोपचे झगे

सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातील बायका ज्या फुलांच्या कापडांसाठी पैसे साठवत आणि प्रसंगी कायदाही मोडत, त्यांतली सर्वांत पक्क्या रंगाची कापडे भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे कोरोमंडलवर, तयार होत. मछलीपट्टण, निझामपट्टण, पुलिकत, सद्रास, नागपट्टण या बंदरांच्या आसपासच्या गावांत कलमाने रंगवलेले हे सुती कापड म्हणजे चीट. इंग्रजी, फ्रेंच, डच पोशाखांच्या इतिहासात पुढे दीडशे-दोनशे वर्षे जी वेलबुट्टी दिसते, तिचा मोठा भाग या चिटावरून उचललेला आहे. जुन्या काळचा पोशाख नव्याने शिवायचा असेल, मग तो नाटकासाठी असो, चित्रपटासाठी असो की संग्रहालयासाठी, तर कोणते फूल कोणत्या दशकातले हे ओळखावे लागते. ते केवळ फुलाच्या आकारावरून ठरत नाही. कापडाची जमीन, रंग कसा चढवला, नक्षी किती अंतराने पुन्हा येते आणि त्या वर्षी कोणता कायदा लागू होता, या सगळ्यांची खूण कापडावर राहिलेली असते.

युरोपात लोकर आणि रेशीम रंगवण्याची विद्या चांगली होती, पण सुती धाग्यावर तिथल्या रंगाऱ्यांना पक्का रंग चढवता येत नसे. वरून लावलेला रंग पहिल्या धुण्यात उतरे. कोरोमंडलचे कापड मात्र धुतल्यावर अधिकच खुलत असे. याचे कारण असे की तिथला कारागीर बहुतेक ठिकाणी कापडाला थेट रंग लावतच नसे. तो रंग धरून ठेवणारे क्षार लावी आणि रंग नंतर भांड्यात चढे.

विणून आलेले कापड आधी धुऊन, उन्हात पांढरे करून हिरड्याची पूड कालवलेल्या म्हशीच्या दुधात बुडवत. हिरड्यातले तुरट द्रव्य पुढच्या क्षारांना धरून ठेवी आणि दुधाच्या स्निग्धतेमुळे कलमातले पाणी कापडावर फुटत नसे. वाळलेले कापड लाकडाने ठोकून, घोटून गुळगुळीत करत. नक्षीचा कागद वेगळा असे. त्यावरच्या रेषांना सुईने भोके पाडलेली असत. कागद कापडावर पसरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटली की खाली ठिपक्यांची रेषा उमटे. त्या रेषेवरून कलम फिरे. बांबूच्या कलमाला वर एक बोळा बांधलेला असे. तो बोटांनी जसा दाबावा तशी धार कमी-जास्त होई.

काळ्या रेषेसाठी लोखंडाचे तुकडे आंबट पाण्यात मुरवून केलेला अर्क आणि तांबड्यासाठी तुरटीचे पाणी, हे दोन क्षार मुख्य. तुरटीचे पाणी जवळजवळ बिनरंगी असल्याने ते कुठवर लावले हे दिसावे म्हणून त्यात थोडा कच्चा रंग मिसळत. पाकळीच्या आत केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेषा हव्या असतील तर त्या क्षार लावण्यापूर्वी मेणाने काढाव्या लागत. मग सारे कापड चायवेराच्या मुळांबरोबर उकळत. समुद्रकाठच्या वाळूत वाढणाऱ्या या रोपट्याच्या मुळांत मंजिष्ठेसारखाच तांबडा रंग असतो. तुरटी दाट होती तिथे गडद लाल, पातळ होती तिथे गुलाबी, लोखंड होते तिथे काळा, दोन्ही मिसळले होते तिथे जांभळा, असे सगळे रंग एकाच भांड्यातून बाहेर येत. कोऱ्या जागेवर बसलेली तांबूस झाक शेणाच्या पाण्यात भिजवून आणि दिवसचे दिवस उन्हात पसरून काढत.

निळा रंग वेगळ्या वाटेने येई. निळीचा रंग पिंपात बुडवूनच चढतो, म्हणून निळ्या हव्या असलेल्या जागा सोडून उरलेले सगळे कापड मेणाने झाकत, ते निळाऱ्याकडे पाठवत आणि परत आल्यावर गरम पाण्यात मेण उतरवत. सर्वांत शेवटी हातात पिवळा घेत. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा. हा पिवळा मात्र कच्चा होता. म्हणूनच आज संग्रहालयांत मांडलेल्या चिटांवर लाल फुलांच्या शेजारी निळी पाने दिसतात. त्यांतली पुष्कळशी मुळात हिरवी होती. शेवटी खळ देऊन, शंखाने किंवा कवडीने घोटून कापडावर चकाकी आणत.

या साऱ्या कृतीची माहिती युरोपला मिळाली ती मुख्यतः फ्रेंच नोंदींमधून. १७३४ च्या सुमारास द बोल्यो या नौदल अधिकाऱ्याने पुदुच्चेरी भागात एका कारागिराकडून आपल्यासमोर काम करवून घेतले आणि प्रत्येक टप्प्यानंतर कापडाचा एक तुकडा कापून टिपणाला जोडला. ते तुकडे आजही पॅरिसमध्ये आहेत. १७४२ मध्ये फादर कर्दू या जेझुइट पाद्र्याने आपण ख्रिस्ती केलेल्या रंगाऱ्यांकडून हीच माहिती काढून पत्राने मायदेशी कळवली. ज्यांच्या हातांत ही विद्या होती त्यांची नावे या दोन्ही कागदांतून पुढे आली नाहीत, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. त्याआधी, १६७८ मध्ये, जॉर्ज रोक या फ्रेंच व्यापाऱ्याने अहमदाबाद, बुऱ्हाणपूर आणि सिरोंज येथे लाकडी ठशांनी कापड छापण्याची पद्धत तपशीलवार लिहून ठेवली होती. ठसेकाम स्वस्त आणि झटपट होई. कोरोमंडलच्या कलमकामाची किंमत त्याच्या कितीतरी पट असे.

चिटावरची फुले कोणत्या देशाची, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. सुरुवातीच्या कापडांची जमीन गडद तांबडी असे. १६४३ मध्ये इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सुरतेला कळवले की लाल जमिनीच्या रजया सगळ्या गिऱ्हाइकांना रुचत नाहीत. यापुढे जमीन अधिक पांढरी ठेवावी आणि मध्ये रंगीत फुले-फांद्या काढाव्यात. पुढे लंडनहून नमुनेही येऊ लागले. त्या नमुन्यांत इंग्लंडमधल्या लोकरीच्या भरतकामाची पाने होती, चिनी वस्तूंवरून घेतलेले खडक आणि बांबू होते. इराणी बागेची डौलदार वळणे कोरोमंडलच्या कारागिराच्या हातात आधीच होती. त्यातून खडकावर उभा, एकाच खोडावर वीस जातींची फुले वागवणारा तो प्रसिद्ध वृक्ष जन्मला. कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारे हे झाड युरोपला भारतीय वाटले, भारतातल्या कारागिराला ते परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीचे वाटले असणार, आणि दोघांचेही काही अंशी खरे होते.

आधी ही कापडे पलंगावर आणि भिंतींवर गेली. लंडनच्या सॅम्युअल पेपिस याने सप्टेंबर १६६३ मध्ये पत्नीच्या खोलीच्या भिंतींना लावण्यासाठी चीट विकत घेतल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. १६६४ च्या सुमारास इंग्लिश कंपनी वर्षाला अडीच लाखांच्या आसपास सुती ठाणे आणत होती. भिंतीवरून अंगावर यायला चिटाला फार वेळ लागला नाही. पुरुषांचे घरात घालायचे सैल पायघोळ अंगरखे, बायकांची जाकिटे, परकर आणि शतकाच्या अखेरीस पुरते झगे चिटाचे होऊ लागले. इंग्लिश लेखक डॅनिएल डीफोने १७०८ मध्ये तक्रार केली की काल-परवापर्यंत जी चिटे सामान्य लोकांच्या आणि मुलांच्या अंगावर दिसत, ती आता थोरामोठ्यांच्या बायका नेसू लागल्या आहेत. कोरोमंडलच्या कारागिरांनी हा बदल ओळखून परकरासाठी खास कापडे रंगवायला सुरुवात केली. त्यांत खालच्या घेराला रुंद काठ आणि वर विरळ होत जाणारी फुले असत. शिंप्याने ते नुसते चुण्या घालून कमरेला बांधायचे.

रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येऊ लागला तेव्हा बंदी आली. फ्रान्सने ऑक्टोबर १६८६ मध्ये चीट आणणे आणि छापणे या दोन्हींवर बंदी घातली; ती १७५९ पर्यंत टिकली. मधल्या काळात चोरट्या मालाची रेलचेल होती आणि दरबारातल्या बायकाच तो वापरत. इंग्लंडमध्ये गोष्ट टप्प्याटप्प्याने घडली. १७०० च्या कायद्याने रंगीत आणि छापील भारतीय सुती कापड देशात वापरण्यासाठी आणणे बंद झाले, पण कोरे पांढरे कापड येतच राहिले आणि ते लंडनमध्ये छापले जाऊ लागले. विणकरांचे समाधान होणे शक्यच नव्हते. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांच्या टोळ्या रस्त्यांत चिटाचा झगा घातलेल्या बायकांना गाठून त्यांच्यावर शाई आणि तेजाब टाकत, झगे फाडत. १७२१ चा कायदा थेट अंगावरच्या कपड्यापर्यंत पोहोचला. १७२२ च्या नाताळापासून छापील सुती कापड घालणाऱ्याला पाच पौंड दंड ठरला. मलमल आणि नुसत्या निळ्या रंगाचे कापड यांना सूट होती.

डचांनी असा कायदा केला नाही आणि त्यामुळे चिटाचा पोशाख त्यांच्याकडे जितका मुरला तितका कुठेच मुरला नाही. फ्रीसलंडमधले हिंडलोपन हे खलाशांचे छोटे गाव. तिथल्या बायका समोरून उघडा, पायघोळ झगा चिटाचा शिवत, आणि घरात दुखवटा असेल तर तांबड्या फुलांऐवजी निळ्या फुलांचे चीट निवडत. दुखवटा जसा सरत जाई तसे रंग बदलत. लेउवार्डन येथील फ्रीस संग्रहालयात अशा कपड्यांचा मोठा साठा आहे. इतर ठिकाणी चीट ही हौस होती. इथे नात्याची आणि काळाची नोंद चिटावर होत होती.

बंदीच्या आड युरोपात नक्कल वाढली. बंदीच्या आधीच, १६४८ पासून, मार्सेयमध्ये ठसेकाम चालू होते. १६७८ मध्ये आमर्सफोर्टला आर्मेनियन कारागिराच्या मदतीने छापखाना निघाला. इंग्लंडमध्ये १७३६ च्या कायद्याने लिननचा ताणा आणि सुताचा बाणा असलेले मिश्र कापड छापायला परवानगी मिळाली. त्यामुळे १७३६ ते १७७४ या काळात इंग्लंडमध्ये कायद्याने छापलेले फुलांचे कापड निखळ सुती नसते. ताण्याला हात लावला तर लिनन लागते. रिचर्ड आर्कराइटच्या सूतकताईच्या यंत्रामुळे ताण्याला पुरेल इतके मजबूत सूत मिळू लागले आणि १७७४ मध्ये देशी बनावटीच्या निखळ सुती कापडाला मोकळीक मिळाली, पण त्याच्या किनारीत तीन निळे धागे विणण्याची अट होती. ही अट १८११ पर्यंत राहिली. शिवणीच्या आत दडलेल्या किनारीत असे तीन धागे सापडले की कापडाचा देश आणि जवळजवळ चार दशकांचा अवधी एका नजरेत ठरतो. फुलाची जात इतकी खात्री कधीच देत नाही.

छपाईचे तंत्रही अशाच खुणा सोडते. ठसा हातात धरण्याजोगा असावा लागतो, म्हणून ठशाने छापलेली नक्षी वीत-दीड वितीच्या अंतराने पुन्हा येते आणि जोडावर किंचित सरकलेली दिसते. लाकडात बारीक ठिपके कोरता येत नाहीत. त्याऐवजी ठशात पितळी खिळे ठोकून टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची जमीन उमटवत. असे ठिपके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कापडांवर विपुल दिसतात. १७५२ मध्ये आयर्लंडमधील ड्रमकॉन्ड्रा येथे फ्रान्सिस निक्सनने तांब्याच्या कोरीव पत्र्याने कापड छापले. या रीतीत नक्षी हात-दीड हात मोठी होऊ शकत होती, पण रंग बहुधा एकच असे. असे कापड पडद्यांना शोभे, झग्यांना क्वचित वापरत. क्रिस्तोफ-फिलिप ओबरकाम्फ याने १७६० मध्ये पॅरिसजवळ झुई-आं-झोझा येथे काढलेला कारखाना आज खेड्यातल्या प्रसंगांच्या एकरंगी पडद्यांसाठी ओळखला जातो. खरे तर त्याचा बहुतांश माल ठशाने छापलेला, अनेक रंगांचा आणि फुलांचा होता, आणि तोच कपड्यांसाठी जाई. १७८३ मध्ये थॉमस बेलने रूळाने छापण्याचे पेटंट घेतले. रूळाची नक्षी त्याच्या घेराएवढ्या अंतराने पुन्हा येते, म्हणून १८१० नंतरच्या स्वस्त कापडांवर बारीक, दाट, अचूक जुळणारी फुले दिसतात.

हिरव्याचा प्रश्न झुईलाच सुटला. ओबरकाम्फचा भाचा सॅम्युअल विडमर याने १८०९ च्या सुमारास एकाच छापात उमटणारा पक्का हिरवा बनवला. त्याआधीचा हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा, आणि पानाच्या कडेला कुठेतरी निळा किंवा पिवळा बाहेर डोकावतोच.

फुलांच्या फॅशनचे नेतृत्व मात्र रेशमाकडे होते आणि छापील कापड त्याच्या मागून चाले. अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रेशमावर ओळख न पटणारे, लांबट, तिरके, स्वप्नात पाहिल्यासारखे आकार येत. १७२० च्या दशकात जाळीच्या पट्ट्यांमध्ये बसवलेली मोठी फुले आली. १७४० पर्यंत नजर बागेकडे वळली. स्पिटलफील्ड्सची नमुनाकार ॲना मारिया गार्थवेट हिने मोकळ्या पांढऱ्या जमिनीवर विखुरलेले गुलाब, कार्नेशन आणि नाजूक देठांची फुले इतक्या बारकाईने काढली की माळ्यालाही ती ओळखता यावीत. तिची शेकडो जलरंग चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, अनेकांवर तारीख आणि नमुना घेणाऱ्या विणकराचे नाव तिच्याच हाताने लिहिलेले आहे. वस्त्राच्या इतिहासात इतका नेमका पुरावा दुर्मीळच. १७६० च्या दशकात फुले लहान होऊन नागमोडी फितींना लगडली. १७८० नंतर पट्टे आणि बारीक बुट्ट्या आल्या, १७९० च्या सुमारास गडद तपकिरी-काळ्या जमिनीवर रानफुले उमलली, आणि शतक संपताना पांढऱ्या मलमलीवर एकेकटी बुट्टी एवढेच उरले. १८०० च्या आसपास इंग्लंडमध्ये तांबड्याला फाटा देऊन अमेरिकेतल्या ओकच्या सालीपासून काढलेल्या पिवळ्या-तपकिरी रंगांची लाट आली. १८३० च्या फुगीर बाह्यांवर पुन्हा मोठी, एकमेकांवर चढलेली फुले परतली. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरापासून जांभळा बनवला, तेव्हापासून रंगांवरून वय सांगण्याचे गणितच बदलले.

हे सारे श्रीमंतांच्या कपाटांवरून बेतले तर चित्र अर्धवट राहते. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या नोंदींनी ती उणीव भरून काढली आहे. १७४१ मध्ये सुरू झालेल्या या आश्रमात बाळ सोडताना पुढे ओळख पटावी म्हणून कापडाचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचणीने लावत. कधी तो आईच्या झग्याचा असे, कधी बाळाच्या अंगावरच्या कपड्याची बाही. १७६० पर्यंतचे असे सुमारे ५,००० तुकडे जपले गेले आहेत. गरीब बायकांच्या रोजच्या कपड्यांचा एवढा मोठा संग्रह दुसरीकडे कुठेही नाही. त्यांत लिननवर किंवा मिश्र कापडावर एक-दोन रंगांत छापलेल्या पुष्कळ वेली आहेत. रंग मोजके, ठसा ओबडधोबड, पण फुलांची मांडणी थेट महागड्या रेशमाची. बाळाचे नाव पुढे बदलले जाई. आईच्या हाती आशा म्हणून उरे तो त्याच कापडाचा दुसरा तुकडा.

दुसरा पुरावा एका पाद्र्याच्या मुलीचा आहे. बार्बरा जॉन्सन हिने १७४६ मध्ये, आठव्या वर्षी, एका हिशेबाच्या वहीत आपल्या झग्यांच्या कापडांचे तुकडे लावायला सुरुवात केली आणि १८२३ पर्यंत ते चालू ठेवले. शेजारी वर्ष, लांबी, पन्हा, दर आणि कधी झगा दुखवट्यासाठी शिवला याची नोंद. कोणते कापड कोणत्या झग्यासाठी किती लागे, हे जाणून घ्यायचे असेल तर या वहीइतका भरवशाचा आधार क्वचितच मिळेल. कपड्यांचे बेत समजायला जॅनेट आर्नल्डने जुने पोशाख प्रत्यक्ष मोजून काढलेल्या आराखड्यांचा उपयोग होतो; त्यांचा पहिला खंड १९६४ मध्ये निघाला.

कापडाचे वय आणि झग्याचे वय एकच असते असे मात्र नाही. चीट महाग होते, त्यामुळे ते उसवून, उलटवून, पुन्हा शिवत. १७४० चे कापड १७८० च्या बेतात कापलेले आढळणे नेहमीचे. बाहीच्या आतल्या बाजूला, काखेत, चुण्यांच्या खाली तुकडे जोडलेले असतात आणि तिथे फुले जुळवण्याचा आग्रह कोणी धरलेला नसतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या झग्यांत कापड पुढच्या घेरापासून खांद्यावरून पाठीवर न कापता नेत, त्यामुळे एका बाजूची फुले सरळ तर दुसऱ्या बाजूची उलटी दिसतात. आजचा शिवणारा हे चूक समजून दुरुस्त करू पाहतो. जुन्या शिंप्याला अखंड कापड वाचवणे अधिक मोलाचे होते.

यंत्राच्या मालापुढे कोरोमंडलचा निर्यातीचा धंदा अठराव्या शतकाच्या अखेरीस बसला. पुढच्या शतकात मँचेस्टरची छापील कापडे उलट भारताच्या बाजारांत आली. किनाऱ्यावरची सर्वांत कसदार विद्या एका मराठी दरबाराने आणखी काही दशके जगवली. तंजावरच्या भोसले राजांसाठी कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर गावात साड्या आणि पागोट्यांची वस्त्रे तयार होत. आधी सुतात जरीची नक्षी विणायची आणि मग त्याच नक्षीभोवती मेणाने झाकून, क्षार लावून, लाल-काळ्या रंगांत फुले भरायची, असे हे दुहेरी काम. त्यामुळे सोने लाल रंगाच्या आतून झळकते. सरफोजी दुसरा याच्या काळात या कामाला बहर होता आणि ही वस्त्रे इतर मराठी दरबारांत आहेर म्हणूनही जात. १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले आणि काम थांबले. युरोपसाठी रंगवलेल्या चिटांत परक्यांच्या आवडीचा ठसा आहे. करुप्पूरमध्ये तेच हात आपल्याच राजघराण्यासाठी चालले, आणि बारकाईत ते कुठेही उणे नाहीत.

मछलीपट्टणजवळच्या पेडना गावात आजही ठशांनी फुलांचे सुती कापड छापतात आणि जुने पोशाख शिवणारे परदेशी कारागीर भारतात छापलेले असे कापड वापरतातही. ते निवडताना दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. अठराव्या शतकातील रेशमाचा पन्हा सुमारे अर्धा मीटर असे, सुती चिटाचा त्याच्या जवळपास दुप्पट. आजच्या रुंद कापडातून तसाच झगा बेतायचा तर शिवणी मूळ जागी घेण्यासाठी कापड आधी उभे चिरावे लागते. संगणकाने छापलेल्या कापडात रंग पृष्ठभागावर राहतो आणि मागची बाजू फिकी पडते, तर क्षारांनी रंगवलेल्या जुन्या चिटात रेषा मागेही पोहोचलेली असते. घेर उलटला की हा फरक लगेच दिसतो. पानांचा रंग शिवणाऱ्याला स्वतःच ठरवावा लागतो. कापड आज संग्रहालयात जसे आहे तसे दाखवायचे असेल तर पाने निळी घ्यावीत, आणि १७५० मध्ये दुकानातून नुकतेच आणलेले दाखवायचे असेल तर हिरवी.